बारदान

तुर्भ्याचं मसाला मार्केट. जिन्याखालच्या सावलीत
हौसाक्का फाटकी पोती शिवते.
अक्षर येत नाही तिला.
पोत्यात तोंड घालते नि सांगते,
लवंग. पण ती जुनी नव्हे,
जुनी घशाला लागायची.

बाजार मस्जिद बंदराहून उठून खाडीपलीकडे आला
तेव्हा अंबाड्यात दाभण खोवून
टेम्पोत गोण्यांवर बसून आली ती.
म्हणाली, खाडी ओलांडली, आता काय बदलायचं राहिलं!

वेलदोड्यावर केरळचा हत्ती असायचा.
एका साली हत्ती गेला, पोपट आला.
शेठनी वाचून दाखवलं: ग्वाटेमाला.
हे कुठं आलं?
लांब.
मग स्वस्त कसं?
शेठचा फोन वाजला.

हिंगाचं तसंच, दालचिनीचं तसंच.
ताग विरळ होत गेला, मग प्लास्टिक.
प्लास्टिकला टाका धरत नाही,
चीर धावत सुटते.

तिचा धाकटा भिवंडीच्या गोदामात
काळ्या रेघांवर लाल उजेड मारतो.
न्हावा-शेव्याहून आलेलं खोकं
कुणी न हुंगता पुढं जातं.

परवा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतायत म्हणे,
वाटेत कुठं गोळे पडले म्हणून.
गाळे चार दिवस ओस. हमाल पत्ते खेळत.
हौसाक्कानं तळातल्या गठ्ठ्यातून एक पोतं ओढलं,
निम्माच हत्ती उरलेला,
नि सोंडेपाशी टाके घालत बसली.
म्हणाली, याचे पैसे नकोत.
कुणी विचारलं नव्हतं.