चौथ्या खिडकीखाली

गळतंय, म्हणाली बोगुमिवा बाई,
आणि रुमालात गुंडाळलेली टाकी काउंटरवर ठेवली,
पडलेला दात मूल आणून दाखवतं तशी.
रुमालाला व्हॅनिलाचा वास.
नोव्हेंबर. वुच शहरात साडेतीनलाच दिवे लागलेले.

मी म्हणालो, तयार कॉइल घ्या, पाचांचं पाकीट,
फिरवा, बसवा, विसरून जा.
ती बघत राहिली माझ्याकडे,
जणू मी तिला डब्यातले पिरोगी खायला सांगितले.

मग उघडली टाकी.
काच बाजूला, रबरी कड्या बशीत.
मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या.
आत वात काळीठिक्कर,
तारेवर करपलेल्या साखरेचं कवच.
वात ओढून काढली, तार कोरडीच लाल केली,
जरा निवू दिली, पाण्याखाली धरली, ब्रशने घासली,
पुन्हा लाल.
तरी एक वेटोळं आधी पेटायचं, बाकीची मागाहून,
एखाद्या घरात नेहमी एकच माणूस चिडतो तसं.
फेक ती, म्हणाली. नवी वळू.

अठ्ठावीस गेजची तार, अडीच मिलिमीटरचा दांडा, सहा वेढे.
मी वळली ती झोपेत वळल्यासारखी.
तिने वळली ती दुकानात विकायला ठेवावी अशी.
स्क्रू आवळले. रोध एक पूर्णांक शून्य पाच,
मग एक पूर्णांक चार, मग परत शून्य पाच.
खोटं बोलतंय यंत्र, मी म्हणालो.
यंत्र नाही रे, तारेचा एक पाय सैल आहे.
अर्धा फेरा. आकडा गप्प झाला.
चिमट्याने चेपत, थांबत थांबत पेटवली,
तेव्हा उजेड मधून निघाला
आणि दोन्हीकडे सारखा सरकला.

मग कापूस.
इथे माझी उस्तादी संपली.
कुठला हा?
जपानी, मी म्हणालो, सेंद्रिय. पाकिटावर लिहिलंय.
तिने एक पुंजका बोटांत धरून ताणला,
तुटला तिथे दिव्याकडे नेला.
आखूड तंतू. पाकिटाला काय कळतंय.
वरची पापुद्र्यासारखी साल सोलली,
टोकाला पीळ दिला, वेटोळ्यातून ओवला.
अडखळत यावा, पण यावा.
तार हलावी, वाकू नये.
जास्त कोंबलास तर घसा जळेल,
कमी घातलास तर खोकल्यासारखी गुळगुळ.
शेपट्या तिरक्या कापल्या, सुईने विंचरून विरळ केल्या,
खाचांत नुसत्या टेकवल्या,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण टेकवावं तशा.

रस भरला. पाच मिनिटं थांब, पिऊ दे त्याला.

त्या पाच मिनिटांत ती खिडक्या मोजत होती.
एक, दोन, तीन, चार.
हा कताईचा हॉल. माझं सोळा नंबरचं यंत्र
तू उभा आहेस तिथेच. सरक जरा.
मी सरकलो.
ती तिथे उभी राहिली, कशालाही हात न लावता.
एकोणीस वर्षं, म्हणाली. आवाज एवढा
की आम्ही एकमेकींचे ओठ वाचायचो.
यादविगाच्या लग्नाची बातमी मी ओठांवरच वाचली,
आणि ब्याण्णवला टाळं लागल्याचीही.
छातीत तेव्हाही हेच जायचं, कापूसच.
फक्त चव नव्हती.

मग ओढलं. गुळगुळ नाही, करप नाही.
वाफ बिडाच्या खांबाला लागून वर गेली,
छताशी रेंगाळली.
पैसे तारेचे दिले. कापसाचे नाकारले.
असल्या कापसाला पैसे द्यायला मी अजून म्हातारी झाले नाही.

गुरुवारी परत आली.
गळतंय.

मी वात तपासली, खाचा तपासल्या, स्क्रू, काच.
सगळं तिचं, सगळं बरोबर.
मग तिने काउंटरवर कोपर टेकलं
आणि कोटाच्या बाहीवर, लोकरीत रुतलेली
ती दिसली, काळी, मुगाएवढी:
आठवडाभर शहरभर फिरून आलेली
खालची रबरी कडी.
दोघंही हसलो नाही लगेच.
तिने ती नखाने उचलली, बोटावर फिरवली,
आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली,
मी काय म्हणतो ते ऐकण्याआधीच वाचायला.