न लागणारं दार

तीस वर्षं मी कायानीत दातांच्या कवळ्या केल्या,
फट म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

आता त्याच टेबलावर मेण नाही, प्लास्टर नाही.
प्लास्टिकच्या विटा आहेत,
हेरिंगच्या रिकाम्या बरण्यांत रंगवार भरलेल्या,
आणि एक फोटो, एकाहत्तर सालचा,
ज्यात ऑर्वोचं अर्धं डोकं कापलं गेलंय
पण दुधाची लॉरी अख्खी आली आहे.
फोटो काढणाऱ्याला अक्कल होती, म्हणायचा माझा भाऊ.

सुरुवात चाकापासून.
एवढं चाक, तर एवढं मडगार्ड,
एवढं मडगार्ड, तर केबिन सहा खुंट्या रुंद,
आणि सहा खुंट्यांत ऑर्वो मावत नाही.
खऱ्या लॉरीतही कुठे मावायचा,
गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, टोळासारखे.
आठ केल्या, तर लॉरीचा बेडूक झाला.
मग सात.
सात फार वाईट. मधली खुंटी एकटी पडते,
डावं उजव्याशी बोलत नाही,
सगळं अर्ध्या खुंटीनं सरकवणाऱ्या
चपट्या पट्ट्या लागतात. एकतीस लागल्या.
टपालानं आल्या, तोवर तळं गोठलं.

रंगाचं विचारू नका.
गुरुवारच्या मटारच्या सुपात साय ढवळावी
तसला हिरवा कुठलाच कारखाना काढत नाही.
मी लॉरी पांढरी केली.
नोव्हेंबरनंतर तीही पांढरीच असायची.

दाराची बिजागरी दोनदा उसवली.
तिसऱ्यांदा, टच्.
तसूभर फट नाही.
उठले, कॉफी ठेवली, परत येऊन
उघडलं, लावलं. टच्.
नवी कवळी बसली की माणसं
तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत बसतात, तशी मी.
कॉफी उतू गेली तेव्हा कळलं,
हे ऑर्वोचं दार नाही.

ऑर्वोचं दार कधी लागलंच नाही.
मूठभर उघडं राहायचं, उणे तीसमध्येसुद्धा.
आतून दोर. एक हात चाकावर, डावा दोरावर,
डाव्या हाताची दोन बोटं पुढे कायमची बधिर.
डेअरीवाले म्हणायचे, वसंतात दुरुस्त करू.
तो म्हणायचा, राहू द्या,
दार लागलं की डोळा लागेल.

तर मला लागलेलं दार
न लागलेलं करायचं होतं.
नऊ संध्याकाळी गेल्या.
विटांना धरणं कळतं, सुटणं कळतं,
धरू-न-धरू त्यांना येत नाही.
शेजारचा एली, वय बारा, कडक माणूस:
कापायचं नाही. चिकटवायचं नाही. घासायचं नाही.
तो घरी गेल्यावर मी खालच्या खणातली कानस काढली
आणि एका खुंटीचा केसभर माथा घेतला.
दोराला दात कोरायचा धागा,
सीटच्या दांडीला दोन गाठी.

वाचनालयात टेबलावर ठेवली.
जो येतो तो बोटानं दार लावून बघतो.
दार परत उघडतं.
लोक माझ्याकडे बघतात, कीव आल्यासारखे.
मी काही बोलत नाही.

मग पिल्टोलाचा म्हातारा आला, टोपी न काढता.
त्याच्या फाटकाशी लॉरी शेवटची थांबायची.
त्यानं दाराला हात लावला नाही.
वाकला. बराच वेळ आत बघत राहिला.
"दोर सीटला नव्हता," म्हणाला,
"गिअरच्या दांडीला होता. चौथा टाकला
की दार आपोआप ओढलं जायचं.
सगळ्यांना दाखवायचा, हसायचा."

मग बोटं?

"बोटं किटल्यांनी गेली, बाई.
हातमोजे घालून झाकणं निघत नाहीत."

लॉरी मांडीवर घेऊन बसनं परत आले.
गाठी सोडल्या.
कुणाला दिसणार आहे म्हणून
गिअरची दांडी मी केलीच नव्हती.