माप

तुंबा सरोवराकाठी आरोग्यसेवक एकोफो
मोटारसायकलवरून फ्लास्क उतरवतो.
आतली थंडी या गावात कुणी कधी पाहिलेली नाही.

म्बोयो शिंपीण दंड उघडा करत नाही.
"त्यात तोच आहे ना, ज्यानं लोकुलीला नेलं?"

"तो नाही. त्याचा नुसता सदरा.
गुरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू धरला,
त्याचा स्वतःचा अंगरखा उसवला
आणि मारेकऱ्याचा चढवला."

"कुणी शिवला?"
एकोफोला नाव ठाऊक नाही.

ती हसत नाही. नवऱ्याचे सदरे
पिवळ्या हातमोज्यांनी जाळले, एकूण एक.
गळा एकेचाळीस, डावा खांदा किंचित उतरता:
माप तेवढं जाळायचं राहिलं.

सुई टोचते.
रात्री ताप चढतो, सांधे ठणकतात.
ती मशीन उघडून बसते, शिवत काहीच नाही.
रक्तात कुणीतरी त्या परक्या सदऱ्याभोवती
टेप फिरवतंय, शिवण चाचपतंय,
चुकतंय, पुन्हा बेततंय,
अंगाबरोबर बसेल तेवढंच ठेवतंय.

ताप उतरेल. कारागीर बहुतेक पांगतील.
दोनचार म्हातारे मागे राहतील हाडांच्या पोकळीत,
माप तोंडपाठ करून.
उद्या तो खरा आलाच दाराशी
तर शिवणीवरून ओळखतील.

एकोफोच्या यादीत पुढचं नाव तिच्या जावेचं,
मग जावेची शेजारीण,
मग तिच्याकडे मासे पोचवणारा पोरगा.

सकाळी दंड दुखतो.
ती पायडलवर पाय ठेवते.
एकेचाळीस, म्हणते,
कुणी विचारलेलं नसताना.