कारण, तीन ओळींत

फेब्रुवारीत, गॅसचं बिल आणि पिझ्झाची कूपनं
यांच्या मधून घसरलं पत्र, लुकस काउंटीचं:
ज्युरीसाठी आपली निवड झाली आहे.
निवड! जसा काही मी अर्ज केला होता.

मागच्या पानावर, सुटका हवी असल्यास
कारण लिहा. जागा तीन ओळींची.

आधी पेन्सिलीनं लिहिलं, गुडघा.
गुडघ्यानं एक ओळही भरेना.
मग लिहिलं, मे महिन्यात शाळांचे नाच,
बेचाळीस झगे टाचायचे आहेत,
आणि मुली थांबत नाहीत, वाढतच राहतात.
मोरेश्वर म्हणाले, लिही की आम्ही शाकाहारी,
रक्ताचे फोटो बघवत नाहीत.
सिन्सिनाटीहून हेमांगी म्हणाली,
अगं, सरळ सांग इंग्रजी येत नाही,
कोण बसलंय परीक्षा घ्यायला?

बत्तीस वर्षं टोलीडोत
इंग्रजीत मापं घेतली,
इन्शुरन्सवाल्याशी इंग्रजीत भांडले,
हात वर करून नागरिक झाले तेही इंग्रजीत,
आणि ते येत नाही एवढं लिहायला
पुन्हा इंग्रजीच लागणार.

खरं कारण एकच होतं:
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
भाषांतर करून पाहिलं.
दुसऱ्या ओळीपर्यंत ठीक होतं,
तिसरीत शहाणाच वेडा दिसायला लागला.

अण्णा एकदा पंच झाले होते,
बार्शीत, स्टँडमागच्या सायकलचोरीला.
हवालदारानं चहा पाजला, सही घेतली.
मग सात वर्षं तारखा.
सायकल गंजली, चोराचं लग्न झालं,
अण्णा आपले दर तारखेला इस्त्रीचा सदरा घालून
बाकावर, मांडीवर डबा.
शेवटपर्यंत त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

गुडघा नामंजूर. छापील कार्ड आलं.
सोमवार, साडेआठ.

कोर्टाच्या दारात फरशीत एक बेडूक आहे
रंगीत तुकड्यांचा.
पूर्वी इथे नुसती दलदल होती म्हणे.
त्याला पाय न लावता गेले. सवय.

आत कॉफी, अर्धं जिगसॉ,
आणि दाताच्या दवाखान्यातले असावेत तसे चेहरे.
शेजारचा ड्वेन, छपरं घालणारा, कुजबुजला,
मी तर म्हणणार, सगळेच चोर असतात.
लगेच सोडतात.

आरोपी विशीतला.
ओळखीसाठी उभा राहिला, वळला,
तर नव्या कोटाच्या मागच्या फटीवर
पांढऱ्या दोऱ्याची कच्ची टीप, फुलीसारखी,
दुकानातून आली तशी.
काल घेतलेला कोट.
ही कापायची असते, हे सांगणारं
घरात कुणी नसावं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं,
निःपक्षपाती राहायला काही अडचण?
तोंडात सगळं तयार होतं,
गुडघा, झगे, रक्त, हेमांगी.
निघालं ते भलतंच:
त्याच्या कोटाची टीप काढायची राहिली आहे.
ती कुणीतरी कापा,
मग मला बाकीचं ऐकू येईल.

मागे कुणीतरी हसलं.
मुलगा पाठीशी हात नेऊन चाचपायला लागला.
सरकारी वकिलानं कागदावर एक रेघ मारली.
नंबर नऊ, थँक यू, तुम्ही जाऊ शकता.

ड्वेनच्या घशातून ते वाक्य काही निघालं नाही.
तो राहिला.

अकरा चाळीस.
मीटरमध्ये दीड तास शिल्लक.
मिळालं की, हवं होतं ते.
तरी जिन्यात थांबले थोडी.
कुठली चोरी, की मारामारी,
तेवढंसुद्धा कळलं नव्हतं.

सकाळी दारावरच्या शिपायानं
माझी छोटी कात्री काढून घेतली होती,
चष्म्याच्या घरातली.
ती पाकिटात घालून त्यानं परत दिली,
एक कागद सरकवला, सही करा म्हणाला.
केली.
वर काय लिहिलं होतं, वाचलं नाही.