कोणतं वाद्य

चौदा दशांश तेरा.
एकवीस दशांश शून्य दोन.
पंचवीस आणि किंचित वर.
तीस दशांश बेचाळीस, मग लगेच बत्तीस त्र्याण्णव.

मुंगी सरांनी हे आकडे
गजकच्या डब्याच्या झाकणावर लिहून
स्टाफरूममध्ये माझ्यापुढे सरकवले.
म्हणाले, "झीटाची शून्यं,"
जसं कुणी म्हणावं, ही आमच्याकडची माणसं.

गणितवाल्यांशी आम्ही फिजिक्सवाले
पंख्याच्या रेग्युलेटरपलीकडे बोलत नसू.
माझ्या टेबलावर एर्बियमचे तक्ते होते.
जडशीळ अणुगर्भ, न्यूट्रॉन आदळला
की ठरावीक ऊर्जांनाच थरथरतो.
दोन थरथरींमधलं अंतर
मी चार वर्षं मोजत होते,
आणि घरी सांगत होते, प्रबंध होत आलाय.

मूळ संख्यांना शिस्त नाही.
अकरा, तेरा. सतरा, एकोणीस. तेवीस.
मग एकदम एकोणतीस, मधे ओसाड.
पण त्यांच्या आड ही शून्यं उभी,
सगळी एका सरळ रेषेत.
"निदान आजवर मोजलेली," सर घाईने म्हणाले.
सिद्धता नसलेलं वाक्य
त्यांना उघड्या छत्रीसारखं वाटे, घरात.

त्यांचा आलेख बॉलपेनचा, माझा पेन्सिलचा.
एकावर एक ठेवून खिडकीशी धरले.
तीच चढण. तोच कळस. तोच उतार.
अगदी तोच नाही.
माझा पायथ्यापासून सरळ चढतो,
सरांचा आधी जरा वाकतो, मग उठतो.
चुलत म्हणावेत असे.

बाहेर जगाला हे ठाऊक होऊन वर्षं झाली होती.
ग्वाल्हेरला जर्नल बोटीने येतं,
मग बैलगाडीने, मग प्राचार्यांच्या कपाटात राहतं.
तरी त्या दुपारी, भदौरियाने ठेवलेल्या चहावर साय धरली
आणि दोघांपैकी कुणी ती काढली नाही.

रविवारी किल्ला चढलो.
चतुर्भुजाच्या भिंतीवर दगडात कोरलंय,
देवाला बाग दिली, दोनशे सत्तर हात लांब.
त्या सत्तरातलं शून्य बघायचं होतं.
केवढंसं! मसुरीएवढं,
कोरणाऱ्याने छिन्नी जपून फिरवलेली.
हातांनी मोजलेली बाग गेली,
फुलं गेली, रोजच्या पन्नास माळा गेल्या.
सर दोन पायऱ्या खाली उभे.
मी एक उतरले.
ते एक उतरले.

"हे सूर असतील," परतताना ते म्हणाले,
"तर कुठेतरी वाद्य असणार.
कुणी पाहिलं नाही. शंभरेक वर्षं शोधतायत."

लश्करची मुलगी मी, वाद्य म्हटलं की दौलतगंज.
प्रयोगशाळेतल्या जनरेटरवर
प्रत्येक शून्य दहापट केलं, कॅसेटवर भरलं,
आणि शकूर मिस्त्रींच्या दुकानात गेले.
भोपळ्यावर टिचकी मारून ते सांगत
हा वेल नदीकाठचा की विहिरीचा.

तीनदा ऐकलं. सरस लावलेली बोटं हवेत धरून.
"तार नहीं है ये.
तार हिशेबी असते बाई, दुप्पट, तिप्पट, चौपट.
घंटा नाही. चामडंही नाही,
चामडं मी ओळखतो."

पुन्हा बटण दाबलं.

"पण एक बघा. कुणी कुणाच्या अंगाला अंग लावत नाही.
जवळ येतो. मग सरकतो.
फार लांबही जात नाही.
इतका अदब आजकाल कुठे."

पैसे घेतले नाहीत.
कॅसेट परत देताना फक्त म्हणाले,
"सापडलं की घेऊन या.
तडा गेला असेल तर भरून देईन."