पोटरीतला मासा

पाटी रंगवायला आलेला अन्वर पेंटर म्हणाला,
ताई, मसाज लिहू की मालिश?
मसाज लिहिलं तर लोक खालून वर बघतील,
मालिश लिहिलं तर पैलवान येतील.
मी म्हटलं, फक्त बायकांसाठी, हे मोठं लिहा,
बाकी बारीक.
त्यानं बाकी इतकं बारीक लिहिलं
की अर्ध्या गंजगोलाईला वाटतं
इथं ब्लाउज शिवून मिळतात.

पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला.
भिंतीवर सोललेल्या माणसाचा तक्ता,
एकेका स्नायूला मालगाडीएवढं नाव.
सासूबाईंनी जन्मभर बाळंतिणींची अंगं चोळली,
त्यांना एवढंच ठाऊक:
पोटरीत एक मासा असतो,
भ्यायला की आक्रसतो.
त्याला धरायचं नाही,
हात कोमट करून वाट बघायची.
मी दोन्ही वापरते, तक्ताही, मासाही.
तेल मात्र करडईचंच, घाण्यावरचं.
नळ आठव्या दिवशी, म्हणून टॉवेल मोजून.

ज्योतिका राठोड तांड्यावरून येते, खो-खोची.
सामन्याच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी.
तापल्या पायाला जोरात दाबलं तर मासा चावतो.
टाचेकडून गुडघ्याकडं, अंगठा सावकाश,
जिथं ती श्वास धरते तिथं मी थांबते.
ती सोडते, मग पुढं.
मी काही तिला पळायला शिकवत नाही.
खांबाला वळसा घालताना
पाय तिचं ऐकतो, इतकंच.
फायनलला एका गुणानं हरल्या.
"पण गोळा आला नाही, ताई, शेवटपर्यंत,"
हे सांगायला आली होती.
दुखत काहीच नव्हतं.

बाकावर तिच्या शेजारी गयाबाई सुरवसे,
बावीस वर्षं दालमिलमध्ये
खाली मान घालून तुरीतले खडे वेचणारी.
कंबर दुखते म्हणून आली;
सापडलं मांडीच्या मागं, ओल्या सुंभासारखं पिळलेलं.
माणूस जिथं बोट ठेवतो
तिथं दुखणं राहत नाही बहुतेक,
तिथं ते फक्त कामाला येतं.
तिनं ज्योतिकाला विचारलं, तू काय काम करतीस गं?
पळते.
कुणाच्या मागं?
कधी मागं, कधी पुढं.
"मंग आमच्यावानीच की," म्हणत
गयाबाईनं पाय वर घेतले.
तिसऱ्या शनिवारी सांगू लागली,
रातच्याला जागच आली नाही बघ,
घरच्याला वाटलं, गेलीच.
फी निम्मी रोख, निम्मी फुटकी डाळ.

परवा तोच अन्वर दारात.
उजवा हात खांद्याच्या वर जाईना.
पुरुषांना हात लावत नाही मी,
त्यानंच तर रंगवलंय, मोठ्या अक्षरांत.
बाहेरच्या भिंतीवर खडूनं रेघा मारून दिल्या:
बोटं चालवत वर जायचं, दुखेल तिथं थांबायचं,
रोज येऊन.
चौथ्या रेघेवर आहे. भिंतीचा रंग गेला,
तो म्हणतो, फुकट देतो मारून,
हात वर गेला की.

आणि ट्युशनच्या गल्लीतून एक येते, सतराची.
कुठलाच खेळ खेळत नाही.
खांदे कानाला लावून बसते,
मागून कुणी हाक मारणार असल्यासारखी.
नीटचं दुसरं वर्ष.
कुठं दुखतं?
माहीत नाही, म्हणते. बघितलं नाही.

मी तेल दोन्ही तळव्यांत फिरवते,
तिला उताणी झोपवून
मानेखाली हात ठेवते. दाबत नाही.
बाहेर रिक्षा, केळीवाल्याचा भाव,
भिंतीवर सरकणारी अन्वरची बोटं.
डोकं माझ्या हातांत आहे
पण ते अजून तिनंच धरलंय,
इतकं हलकं, की काळजी वाटावी.
मी काही बोलत नाही.
बऱ्याच वेळानं
ते जड होऊ लागतं.