अर्थिंग

छत्रीबागेच्या मागे, शाळेच्या हॉलमध्ये
सदतीस माणसं. मी मोजली,
कारण माझं भाडं तिकिटांतूनच निघणार होतं.
खासगीवाल्यांची अन्विता म्हणाली होती, काका,
ब्लूज आहे, दोनच माइक पुरतील.
मी म्हटलं, भजन असो की भाषण, माइकला काय.

तो महूहून आला, बसने.
डेस्मंड रॉड्रिग्ज, रिटायर्ड गार्ड, मीटरगेज.
पायात कॅनव्हासचे बूट, गिटारच्या पेटीला सुतळी,
कडी तुटलेली म्हणून.
बसण्याआधी त्याने खुर्ची हलवून पाहिली,
डब्याचं कपलिंग पाहावं तशी.

आणि मी लाइन जोडली तर
गूंऽऽ

तीच. जुनी.
बावीस वर्षं ही गूं माझ्या मागे आहे.
गणपतीत आरतीखाली झाकली,
लग्नांत सनईखाली,
नगरसेवकाच्या भाषणात तर कुणाला कळलीही नाही.
केबल टाकून दे, सगळे सांगतात,
अर्थिंग गेलंय तिचं. मला काय ठाऊक नाही?
मी पट्टी सोडवली, परत गुंडाळली,
प्लग दुसऱ्या भिंतीत नेला,
भर जानेवारीत घाम फुटला.

म्हातारा म्हणाला, "रहने दो मास्टर.
सुर में है."

मग खुंट्या पिळत बसला.
आधी जाड तार, मग तिच्या शेजारची,
केसभर वर, पुन्हा केसभर,
आणि सगळी गिटार आणून टेकवली
माझ्या बिघाडावर,
तानपुऱ्याला पाठ लावून बसतात तशी.

गाणी इंग्रजी. शब्द मला तीन-चार कळले:
ट्रेन, पाणी, चिठ्ठी, आणि सारखं सारखं "नो मोर".
अन्विता अर्थ सांगायला लागली कानात,
मी म्हटलं, नको गं.
एक ओळ म्हणायचा. तीच पुन्हा म्हणायचा,
कुलूप लागलंय ना, हे आपण परत ओढून बघतो तसं.
तिसरी वेगळी. तिसरीत तो निघून जायचा.
करंगळीत लोखंडी नळीचा तुकडा,
नळवाल्याकडूनच आणलेला असणार,
तो तारेवरून घसरत जाऊन जिथे थांबायचा
तिथे गंधार कोमल नव्हता, शुद्धही नव्हता,
पातालपाणीच्या उतारावर गाडी ब्रेक धरते
आणि तरी थोडी सरकते, तिथे होता.
पहिल्या रांगेत आमच्या आळीतले बर्वे गुरुजी,
मान हलवायची नाही असं घरूनच ठरवून आलेले.
चौथ्या गाण्यात
त्यांच्या चपलेतला अंगठा हलला.

केबलचा तो सांधा अच्युतने जोडला होता, माझ्या भावाने.
डाग जास्त पडला. हात कापायचे तेव्हा त्याचे.
का, ते आम्ही विचारलं नाही,
चहा कमी कर म्हटलं.
पुढे त्याचे कपडे वाटले, सायकल विकली,
"सुस्वर साउंड बंधू" या पाटीवरचं
"बंधू" ब्लेडने खरवडलं.
नव्या दोन केबली आहेत घरात.
पिशवीत उतरते हीच.

शेवटच्या गाण्यात
म्हाताऱ्याने मधेच हात उचलले तारांवरून.
गाणंही थांबवलं.
पायाचा ठेका तेवढा, लाकडी स्टेजवर,
आणि वर, हॉलभर, एकटी
गूं.
कुणी खोकलं नाही.
बर्वे गुरुजींनी डोळे मिटले होते.
मी मिक्सरवर वाकून उगाच एक बटण
होतं तिथेच फिरवत राहिलो.

मग टाळ्या, सदतीस माणसांच्या मानाने पुष्कळ.
भाडं तीनशेने कमी आलं.
सराफ्यात त्याला गराडू खिलवले, तोंड भाजलं त्याचं,
हसला, म्हणाला, "वो वायर फेंकना मत."
स्कूटरवरून स्टेशनपर्यंत सोडलं.

घरी येऊन केबल गुंडाळली, एक वेढा सुलट, एक उलट.
अच्युतने शिकवलेली, एक वेढा सुलट, एक उलट.
सांध्याशी आलो की सोडायची, आणि परत पहिल्यापासून.